जे घर निघालं ते घर

पांडेसरा, सुरत
१४ जुलै १९९६

प्रिय वर्षाताई,

पत्र फाडायचंच असेल तर आधी पूर्ण वाच आणि मग खुशाल फाड. अक्षर ओळखलं असशील. तू सासरी गेलीस असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, पण मी तुझी धाकटी बहीण आहे ती आहेच, आणि मला तुझ्याशी बोलायची सवय आहे. दोन वर्षं ती सवय पोटात दाबून ठेवली. आता एक अशी गोष्ट घडली आहे की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ज्यांना सांगावी त्यांना कळत नाही.

मी एम.कॉम.ला आहे. हिशेबशास्त्र घेतलंय. नानांनी होकार दिला, तोही मायने दोन दिवस अबोला धरल्यावर. "शिकू दे, नाहीतर हीपण..." माय एवढंच म्हणाली होती. वाक्य पुढे तूच पुरं कर.

मला वाटलं होतं, पुन्हा तेच जमा आणि नावे. पण पहिल्याच आठवड्यात संशोधनपद्धतीचा तास झाला. शिकवायला जरीवाला मॅडम आहेत. बारीक बाई, सुती साडी, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसतं. त्यांनी विचारलं, सुरतेत लूम कामगारांची बचत का होत नाही? मी हात वर केला आणि धाडधाड सांगितलं. व्यसन, गावाकडची लग्नं, हिशेब न ठेवणं. आपण तर त्यातच वाढलो, मला नाही कळणार तर कुणाला? मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तने केम खबर?"

तुला कसं कळलं. बस, एवढंच. ताई, मला कसं कळलं? ओट्यावर बायका बोलतात म्हणून. नाना म्हणतात म्हणून. मी कधी कुणाला विचारलं होतं? त्या दिवशी घरी येताना रस्त्यातला प्रत्येक माणूस मला नवा दिसत होता. आपल्याला जे ठाऊक आहे असं वाटतं, त्यातलं खरोखर ठाऊक किती, हे शोधायची रीतसर विद्या आहे आणि ती शिकवतात! मला हे आजवर कुणी सांगितलं का नाही?

नाना तुझं नाव घेत नाहीत. लूमवरून येतात, जेवतात, रेडिओ लावतात. तुझा पत्ता मला शेजारच्या मंगलाबाईंनी दिला, त्यांचा भाचा डिंडोलीत राहतो. उत्तर घरी पाठवू नकोस, कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

तुझी
तारा


२ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. यावरून तू वाचतेस असा निष्कर्ष मी काढला, आणि लगेच कानात मॅडमचा आवाज आला. म्हणून निष्कर्ष मागे घेतला. तरी लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत मी प्रश्नावली तयार केली. लघुप्रबंधाचा विषय ठरला आहे: कामगारांच्या घरी घरखर्चाचा हिशेब कोण ठेवतं, कसा ठेवतं, आणि त्याने बचतीत फरक पडतो का. मला वाटलं प्रश्न काय, लिहून काढले की झालं. मॅडमनी सांगितलं, आधी चार घरी विचारून पाहा. मी मंगलाबाईंकडे गेले.

"मंगलाबाई, तुम्ही घरचा हिशेब लिहून ठेवता ना?"

"लिखतस ना माय, दररोज लिखतस!" त्या म्हणाल्या.

त्यांना लिहिता येत नाही, ताई. तुला ठाऊक आहे. त्यांच्या घरच्या काकांनाही येत नाही. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तूच म्हननी ना, लिखतस ना. मंग मी नही कशी म्हनू? तुले वाईट वाटतं ना."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, दोष बाईंचा नाही, तुझ्या 'ना'चा आहे. प्रश्नातच तू उत्तर भरून नेलंस, बाईंनी ते सभ्यपणाने तुला परत दिलं. विचारायचं कसं, तर आपल्याला कोणतं उत्तर हवंय त्याचा वासही समोरच्याला येता कामा नये. मग मी प्रश्न बदलला. मागच्या आठवड्यात काय काय आणलं, आणि ते ध्यानात कसं ठेवलं? मंगलाबाईंनी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या. दुधाच्या वेगळ्या, किराण्याच्या वेगळ्या. शेजारी राहून मी त्या रेघा रोज पाहिल्या होत्या. मला वाटायचं पोरांनी ओढल्यात.

तेव्हापासून मी लोकांचं बोलणं ऐकत बसते. आपण सगळे एकमेकांना 'ना' लावूनच विचारतो. बरं आहे ना? जेवलीस ना? तू येणार नाहीस ना?

आणखी एक सांगते, याने तर मी हरखूनच गेले आहे. शून्य गृहीतक म्हणून एक प्रकार असतो. आपल्याला जे सिद्ध करायची हौस आहे, त्याच्या उलट बाजूने सुरुवात करायची. 'फरक नाही' असं धरून चालायचं. मग माहिती गोळा करायची. माहिती इतकी भक्कम निघाली की फरक नाही म्हणणंच अशक्य झालं, तरच ते मागे घ्यायचं. स्वतःच्या मताविरुद्ध उभं राहायची एवढी तयारी! हे कुणा साधूने सांगितलं असतं तर लोकांनी मठ बांधला असता. इथे ते एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि परीक्षेत दहा गुणांना येतं.

नाना नेमके याच्या उलटे आहेत. ज्यांच्याशी तू लग्न केलंस ते योगेशभाऊ विदर्भातले, आपल्या जातीचे नाहीत, रंगाईच्या मिलमध्ये आहेत, एवढ्यावर त्यांचा निकाल लागला. माणूस नानांनी पाहिलेलाही नाही.

तुझी
तारा


१६ फेब्रुवारी १९९७

ताई,

आज घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सर्वेक्षणाला एक वस्ती निवडायची होती. मॅडमनी डिंडोली सुचवली, कारण तिथे आपली खानदेशी घरं पुष्कळ आहेत. तिथे तू राहतेस हे मी सांगितलं नाही. त्या वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी केली आणि घरांना क्रमांक दिले. पाचशेच्या वर घरं, आणि मला साठच हवी होती. आपल्या ओळखीची निवडली तर चूक. सोयीची निवडली तरी चूक. मग कशी निवडायची?

त्यासाठी एक तक्ता असतो. पानंच्या पानं नुसते आकडे. त्यांना क्रम नाही, अर्थ नाही, कुणाचा वशिला नाही. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि तिथून पुढे येतील ते आकडे घ्यायचे. मी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा देवळात गेल्यासारखं वाटलं. आपल्याकडे सगळं कुणाचा कोण यावरच ठरतं. खोली गाववाल्याकडून, लूमवर काम मेव्हण्याकडून, मुलगी मामाने सुचवलेली. आणि इथे एक पान आहे ज्याला कुणीच कुणाचं लागत नाही. त्याच्यापुढे सगळी घरं सारखी. प्रत्येक घराला निघायची संधी तेवढीच.

मी डोळे मिटून बोट ठेवलं. आकडे उतरवत गेले. मग यादीत घरं शोधली.

तुझं घर निघालं.

मी यादी पुन्हा तपासली. योगेश वानखेडे, मिल कामगार. पत्ता तोच, ज्यावर ही पत्रं टाकते. मी मॅडमकडे धावत गेले. म्हटलं, एक घर बदलून द्या. का, म्हणाल्या. मी म्हटलं, त्या घराशी आमचं बोलणं नाही. माझ्या बहिणीचं आहे.

त्यांनी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या. मग म्हणाल्या, "बेन, जे घर निकळ्युं ए ज घर. बदलाय नहीं." आणि मग समजावलं. अवघड वाटणारी घरं आपण वगळत गेलो तर शेवटी फक्त सोपी माणसं उरतात, आणि त्यांनाच आपण जग म्हणतो. मात्र एक ताकीद दिली. तिथे बहीण म्हणून जायचं नाही. इतर एकोणसाठ घरी जशी जाशील तशीच जा. तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

घरी मी काहीच सांगितलेलं नाही. नानांना कळलं तर कॉलेज बंद होईल, यात मला शंका नाही. गेल्या महिन्यात कुणीतरी तुझा विषय काढला तर ते म्हणाले, "प्लेगमां आमनं एकच मानूस गयं." चौऱ्याण्णवच्या त्या सप्टेंबरात अख्खी सुरत पळत होती, उधना स्टेशनवर माणसावर माणूस चढत होता, आणि आम्ही भुसावळच्या गाडीत तुझी जागा धरून बसलो होतो. तू आली नाहीस, योगेशभाऊंकडे गेलीस. गाडी सुटली तरी मायने त्या जागेवर गाठोडं ठेवू दिलं नाही. आम्ही उतरेपर्यंत उभी माणसं शिव्या देत होती.

मी येणार आहे, ताई. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उत्तर न देण्याचा हक्क प्रत्येक घराला असतो, तो नियमच आहे. पण तू मला परत बघायचंच नाही म्हणालीस, तर ते मी कागदावर कसं लिहू, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तारा


११ मे १९९७

ताई,

माझ्यासारखी शहाणी मीच.

परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, मी सर्वेक्षणाचा आठवडा ठरवला. माय म्हणाली, आखाजीला गावी चल. मी म्हटलं, मला काम आहे. नाना आणि माय गेले, मी मंगलाबाईंच्या सुनेच्या भरवशावर राहिले. आणि परवा सकाळी पिशवीत प्रश्नावल्या घालून मोठ्या दिमाखात डिंडोलीत उतरले.

पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्याला कुलूप. पूर्ण ओळच्या ओळ बंद, दोरीवर एक कपडा नाही. एका ओडिया पानवाल्याने विचारलं, "दीदी, किसको ढूँढ रही हो? सब लोग तो गाँव गये." तेव्हा माझी ट्यूब पेटली. अक्षय्य तृतीया! खानदेशातली लेक आखाजीला माहेरी जाते, झोका बांधते, गौराईची गाणी म्हणते, आणि तिच्याबरोबर अर्धी डिंडोली गाडीत बसते. माझी आखाजी मी नाकारली हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांनाही आखाजी असते हे डोक्यातच आलं नाही! गुजराती मॅडमना माहीत नसणं ठीक आहे. मी शिरपूरकडची पोर, मला सर्वेक्षणासाठी वर्षातला नेमका हाच आठवडा सापडावा?

तरी म्हटलं, उघडी असतील तेवढी घरं करून घेऊ. चार-पाच दारं उघडी होती. एका घरी म्हातारे काशिनाथबाबा, मुलगा नेत नाही. एका घरी विधवा बाई, भावाने गेल्या वर्षीच सांगितलंय की येऊ नको. ताई, तिसऱ्या दारापाशी मी पिशवी खाली ठेवली. आज इथे कोण भेटतंय ते मला दिसलं. ज्यांना कुणी बोलावत नाही, तेच. या आठवड्यात जी घरं उघडी, तेवढ्यांवर मी प्रबंध लिहिला असता, तर सुरतेतल्या खानदेशी माणसाला जगात कुणीच नाही, असा निष्कर्ष निघाला असता. आणि कुलुपांवरून लिहिला असता तर सगळ्यांनाच सगळे आहेत, असा.

मग मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले. तुझं दार उघडं होतं.

ओट्यावर दुरडीत गव्हाचे पिवळे कोंब होते. तू गौराई मांडली होतीस. बोलावणं नसताना, झोका नसताना, एकटीने. तू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आलीस, कोंबांवर हळूच शिंपडलंस आणि आत गेलीस. मी कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीआड उभी होते. तशीच परत फिरले. बहीण म्हणून जायचं नाही ही ताकीद मला तेव्हा पाळता आली नसती.

मॅडम म्हणाल्या, उघड्या घरांवर काम भागवायचं नाही. कुलूप लागलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं. पावसाळा लागेल तोवर सगळे परत येतील. तेव्हा येते.

तारा


२४ जून १९९७

ताई,

परवा रविवारी मी तुझ्याकडे येऊन गेले ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण समोर बसून मला काहीच बोलता आलं नाही.

तू दार उघडलंस. माझ्याकडे पाहिलंस, पिशवीकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "या, बसा."

'या' म्हणालीस! लहानपणी मला 'ए टारगट' म्हणायचीस. मला रडू येणार होतं आणि हसूही. मी कागद काढला आणि वाचलं, "नमस्कार, मी विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे, तुमची माहिती गुप्त राहील." तू मान हलवलीस.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"दोघं."

"एकच नाव लिहायची जागा आहे."

"मग जागा मोठी करा."

मी केली. मग गावी जाण्याचा प्रश्न आला. वर्षातून एकदा, दोनदा, अधिक वेळा. तू म्हणालीस, "जात नाही." मी पर्याय शोधू लागले. नव्हता. मीच प्रश्नावली केली होती, साठ प्रती काढल्या होत्या, आणि त्यात न जाणाऱ्या माणसाला उभं राहायला जागाच ठेवली नव्हती. मी हाताने एक चौकोन काढला. तो वाकडा आला.

त्यानंतर मी घाबरून पाठ केलेलं सगळं विसरले आणि विचारलं, "हिशेब तुम्हीच ठेवता ना?"

तू पदराने तोंड झाकलंस. तुझे खांदे हलत होते. म्हणालीस, "ना लावून विचारायचं नसतं ना?"

ताई! तू वाचलीस. सगळी पत्रं वाचलीस. एक ओळ न लिहिता तू मला वर्षभर ऐकत होतीस. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. एवढंच सांगते, की माझ्या हातातला पेन खाली पडला आणि तो तुझ्या घरातल्या पडद्याखालून आत गेला.

त्याआधीचं आता सांगते. अगदी सुरुवातीला 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात मी गल्लीतच दोन लिहून ठेवलं होतं. कशाला विचारायचं, तू आणि योगेशभाऊ. पेन उचलायला मी वाकले, पडदा बाजूला केला, तर आत साडीची झोळी, आणि झोळीतून बाहेर आलेलं एक पाऊल. माझ्या अंगठ्याएवढं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "तीन लिहा."

मी दोन खोडलं आणि तीन लिहिलं. मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा तो. मग मी नमस्कार करून निघाले. अशी निघाले की रस्ता दिसत नव्हता.

घरी आले. सगळं लपवायचं असं ठरवलं होतं, पण चेहऱ्याने घात केला. मायने विचारलं काय झालं. नाना रेडिओपाशी होते. मी सगळं सांगून टाकलं. कॉलेज बंद तर बंद. डिंडोलीला कशी गेले, का गेले, घर मी निवडलं नव्हतं, निघालं होतं. आणि दोन लिहिलेलं खोडून तीन लिहावं लागलं.

मायने हातातली परात खाली ठेवली. "पोऱ्या शे का पोर?"

मी म्हटलं, "माय, ते माझ्या प्रश्नात नव्हतं."

खरंच नव्हतं, ताई. बहीण म्हणून जायचं नाही ही ताकीद मी इतकी पाळली की तुझ्या बाळाचं नावही विचारलं नाही. माय माझ्याकडे अशी बघत होती, की एवढं शिकून ही पोरगी इतकी बावळट कशी.

तेव्हा नाना बोलले. रेडिओ बंद न करता, माझ्याकडे न बघता.

"अर्धी बातमी काय लई उनी? इचारीसन ये."

ताई, विचारून ये म्हणाले! तीन वर्षांत तुझ्याबद्दल हे त्यांचं पहिलं वाक्य, की ज्यात तू जिवंत आहेस.

आज सकाळी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझी नोंद पूर्ण झालेली आहे, आता सर्वेक्षक म्हणून पुन्हा जायचं कारण नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, आता बहीण म्हणून जा.

येत्या रविवारी दुपारी घरी राहा. योगेशभाऊंना पण सांग. माय येते आहे, तिने आतापासून बाळंतविडा बांधायला घेतलाय, तोही पोऱ्याचा आणि पोरीचा असा दोन्ही. आणि मघाशी चहा घेताना नानांनी मला विचारलं, डिंडोलीची रिक्षा कुठून मिळते. रोज सकाळी ते ज्या नाक्यावरून लूमवर जातात, तिथूनच मिळते. मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, एका रिक्षात तिघं बसतात का.

तुझी
तारा